पाच वर्षांसाठी गेलेली माणसं

श्रोतेहो, समजा उद्या सकाळी तुमच्या गावच्या एस.टी.च्या थांब्यावर एक साठीचे गृहस्थ उतरले. रंगानं तुमच्याआमच्यासारखेच, चेहराही कुठे तरी पाहिल्यासारखा वाटावा असा. पण बोलणं वेगळं. 'नमस्कार' एवढं मराठीत म्हणतात आणि पुढचं वाक्य जुळवताना अडखळतात. मग पिशवीतून जपून ठेवलेला एक कागद काढून पुढे करतात. त्यावर इंग्रजीत एका माणसाचं नाव आहे, त्याच्या बापाचं नाव आहे, वय, उंची, अंगावरची खूण, जहाजाचं नाव आणि शेवटी एका गावाचं नाव. ते गाव तुमचंच असावं असा या गृहस्थांचा अंदाज आहे. कागदावरचा माणूस म्हणजे त्यांचा खापरपणजा.

तुम्ही त्यांना ओसरीवर बसवाल, पाणी द्याल, चहा टाकायला सांगाल. आणि मग, खोटं कशाला बोला, मनात पहिली शंका हीच येईल की, हा बाबा जमिनीत वाटा मागायला तर आला नाही ना?

आजचं भाषण या पाहुण्याविषयी आहे. तो येतो मॉरिशस बेटावरून. त्याचा पूर्वज इथून का गेला, परत का आला नाही आणि आता इतक्या पिढ्यांनंतर हा कागद घेऊन का आला, एवढं मला तुम्हांला सांगायचं आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड या जिल्ह्यांतल्या श्रोत्यांनी आणि विशेषेकरून शाळामास्तरांनी जरा कान देऊन ऐकावं. कारण गावात असा इंग्रजी कागद आला की तो हिंडत हिंडत शेवटी शाळेतच येतो.

आधी ते बेट कुठे आहे ते पाहू. वर्गातला नकाशा डोळ्यांपुढे आणा. आफ्रिकेच्या पूर्वेला मादागास्कर नावाचं मोठं बेट आहे. त्याच्याही पूर्वेला, हिंदी महासागरात, नकाशावर टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका दिसतो, तो मॉरिशस. मुंबईपासून सुमारे ४,७०० किलोमीटर. आकारानं आपल्या एखाद्या लहान जिल्ह्याच्या निम्म्यानंही नाही. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास. सगळं बेट ज्वालामुखीतून वर आलेलं, म्हणून जमीन काळ्या दगडांची. भोवती प्रवाळाचं कुंपण आहे. मोठी लाट त्या कुंपणावर फुटते आणि आतलं पाणी तळ्यासारखं निवांत, निळंहिरवं राहतं. बारा महिने ऊन, पांढरी वाळू, माडाची आणि सुरूची झाडं. त्यामुळे आज जगभरचे श्रीमंत लोक तिथे सुटी घालवायला जातात. कित्येकांना तर तिथेच कायमचं राहावंसं वाटतं. वयाची पन्नाशी उलटलेल्या परदेशी माणसाला, दरमहा ठरावीक रक्कम बाहेरून आणण्याच्या अटीवर, निवृत्त म्हणून राहायचा परवानाही ते सरकार देतं.

कोकणातला माणूस म्हणेल, समुद्र, माड आणि ऊन यासाठी एवढ्या लांब कशाला जायला हवं? बरोबर आहे. आपली माणसं तिकडे गेली ती उन्हासाठी नव्हे की वाळूसाठी नव्हे. ती गेली उसाच्या मळ्यावर मजुरीला, आणि तीही पाच वर्षांसाठी.

त्याचं असं झालं. मॉरिशस आधी फ्रेंचांकडे होतं. १८१० साली ते इंग्रजांनी जिंकलं, पण मळे, भाषा आणि कायदेकानू पुष्कळसे फ्रेंचच राहिले. मळ्यांवर आफ्रिकेतून आणि मादागास्करातून पकडून आणलेले गुलाम राबत. १८३५ साली तिथली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली. सुटका झालेल्या माणसांना, साहजिकच, ज्या मळ्यावर चाबूक खाल्ला तिथे पुन्हा पाऊल टाकायची इच्छा नव्हती. ऊस तर उभा होता आणि इंग्लंडला साखर हवी होती. तेव्हा मळेवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे वळली. गुलामगिरी प्रत्यक्ष संपायच्याही आधी, २ नोव्हेंबर १८३४ या दिवशी, 'अॅटलास' नावाचं जहाज कलकत्त्याहून हिंदी मजूर घेऊन पोर्ट लुई बंदराला लागलं. तो दिवस आज तिथे सरकारी सुटीचा असतो.

त्यानंतर पाऊणशे वर्षांच्या काळात जवळजवळ पाच लाख हिंदी माणसं त्या बेटावर उतरली. बहुतेक बिहार आणि संयुक्त प्रांताकडची, कलकत्त्याहून गेलेली. त्यांच्या खालोखाल मद्रासेकडची तमिळ आणि तेलुगू माणसं. आणि संख्येनं सगळ्यांत थोडी मुंबई बंदरातून गेलेली. या मुंबईकडच्या माणसांत मोठा भरणा रत्नागिरी जिल्ह्यातल्या लोकांचा होता. हेच मॉरिशसचे मराठे. तिथे 'मराठा' हा शब्द जातीचा नाही. मराठी मुलखातून आलेला, मग तो कुणबी असो, महार असो की आणखी कुणी, तिथे मराठीच म्हटला जातो.

रत्नागिरीच का, हे कोकणातल्या श्रोत्यांना सांगायला नको. डोंगरउताराची वरकस जमीन, नाचणी आणि वरी. चार महिने धो धो पाऊस आणि आठ महिने पाण्याची ओरड. वर खोताचा हिस्सा. घरातल्या एकानं तरी बाहेर पडल्याशिवाय चूल पेटत नसे. पलटणीत जायचं नाही तर मुंबईला. १८५० नंतरच्या दशकात मुंबईत कापडाच्या गिरण्या सुरू होऊ लागल्या, पण हजारो हातांना काम देतील एवढ्या त्या अजून वाढल्या नव्हत्या. पावसाळा संपला की माणसं बंदरावरून गलबतानं मुंबईला जात आणि तिथे मिळेल ते ओझं उचलत. अशा माणसाला भरतीचा दलाल गाठी आणि सांगे, महिन्याला पाच रुपये रोख, वर शिधा, कपडे, राहायला जागा, औषधपाणी. पाच वर्षं काढ आणि पैसे घेऊन ये.

उत्तरेकडच्या मजुरांत तर अशी आख्यायिका होती की, त्या बेटावर दगड उचलला की खाली सोनं सापडतं. यातला दगडाचा भाग खरा निघाला. शेतातले काळे पत्थर उपसून रचलेले ढीग आजही तिथल्या उसाच्या मळ्यांत उभे दिसतात. देवळाच्या शिखराएवढे उंच ढीग, हातांनी रचलेले.

करारनाम्याला आपल्या लोकांनी 'गिरमिट' म्हटलं. इंग्रजी 'अॅग्रीमेंट'चा तो अपभ्रंश. मराठीत सुताराच्या भोकं पाडायच्या हत्यारालाही गिरमिटच म्हणतात, आणि हे गिरमिटही माणसाला तसंच आत आत जात असे. अंगठा उठवल्यावर पाच वर्षं मळा सोडायची सोय नाही. एक दिवस कामावर आला नाही तर दोन दिवसांचा पगार कापायचा, अशी तिथली रीत होती. ताप आला म्हणून चार दिवस पडून राहिलेला माणूस महिनाअखेर हिशेबाला उभा राहिला की आठ दिवसांची मजुरी गेलेली असे. शेतावर गडी ठेवणाऱ्या आणि गडी म्हणून राहिलेल्या, दोघांनाही या हिशेबाचा अर्थ नीट कळेल.

आता मुख्य प्रश्न. करार पाच वर्षांचा होता, तर माणसं परत का आली नाहीत?

काही आली. मोटा हिशेब करायचा तर तीन माणसांतलं एक परतलं. उरलेली दोन का राहिली याचं एकच एक कारण देता येणार नाही. कायमचं स्थलांतर म्हटलं की आपल्याला वाटतं, माणसानं एक दिवस मनाशी ठरवलं, घरदार विकलं आणि निघाला. ही माणसं तशी निघालीच नव्हती. त्यांचं घरदार मागे तसंच होतं, वडील होते, कुणाची बायको होती. ती कायमची गेली हे गावाला आणि त्यांना स्वतःलाही फार उशिरा कळलं.

पहिलं कारण पैशाचं. सुरुवातीच्या करारांत परतीचा प्रवास मळेवाल्याच्या किंवा सरकारच्या खर्चानं होता. १८५०-५५ च्या सुमारास, नव्यानं येणाऱ्या मजुरांपुरती, ही सवलतच काढून टाकली गेली. परत जायचं तर जहाजाचं भाडं आपल्या खिशातून भरायचं. महिन्याला पाच रुपये मिळवणाऱ्यानं, त्यातून खाडे कापले गेल्यावर, ते भाडं साठवायचं कधी? मग दुसरा करार आणि तिसरा करार. एवढा एक नियम बदलला आणि पाच वर्षांची मजुरी जन्माची झाली. असे नियम मोठ्या अक्षरांत छापलेले नसतात आणि अंगठा उठवणाऱ्याला ते कुणी वाचूनही दाखवत नाही.

दुसरं कारण म्हणजे संसार. पहिल्या जहाजांतून जवळजवळ सगळे पुरुषच गेले. पुढे सरकारनं बायकांचं ठरावीक प्रमाण असलंच पाहिजे असा दंडक घातला. मग तिकडे लग्नं होऊ लागली. कधी गावाकडच्याच बाईशी, कधी दुसऱ्या प्रांतातल्या, दुसऱ्या जातीतल्या बाईशी. जहाजावर एकत्र आलेल्या माणसांचंही एक नातं तयार होई. उत्तरेकडचे लोक त्याला जहाजी भाई म्हणत. मळ्यावरच्या झोपडीत पोरं जन्माला आली. त्या पोरांना रत्नागिरी कशी माहीत असणार? त्यांचं गाव तेच. बाप एखाद्या वेळी परत निघालाही असता, पण पोरांचं काय?

तिसरं कारण जमीन, आणि या कारणाशी मी थोडा थांबणार आहे. १८८० च्या सुमारास युरोपात बीटपासून काढलेली साखर इतकी होऊ लागली की उसाच्या साखरेचे भाव कोसळले. मॉरिशसचे मळेवाले अडचणीत आले. तेव्हा त्यांनी मळ्यांच्या कडेची, दगडाळ, कमी पिकणारी जमीन तुकडे पाडून विकायला काढली, तीही हप्त्यांनी. घेणार कोण? ज्यांनी वर्षानुवर्षं पै पै साठवली होती ते जुने मजूर. फ्रेंच भाषेत या तुकडे पाडण्याला 'मोर्सेलमां' म्हणतात आणि तिथल्या हिंदी माणसाच्या इतिहासात हा शब्द फार मोलाचा आहे. आपल्याकडे जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून १९४७ साली कायदा करावा लागला. तिकडे तुकडे पडले म्हणून मजुराचा शेतकरी झाला. ज्याच्या आज्याला कोकणात खोताची जमीन कसावी लागत होती, त्याच्या नावावर तिकडे स्वतःची जमीन आली. मग तो परत कशाला येतो? तुम्ही आला असता?

हे सारं सुखासुखी झालं असं मात्र समजू नका. १८६६ ते १८६८ या काळात बेटावर हिवतापाची भयंकर साथ आली आणि हजारो माणसं दगावली. १८६७ साली कायदा असा कडक झाला की, करार संपलेल्या जुन्या मजुरानंही स्वतःचं छायाचित्र चिकटवलेला परवाना सदैव जवळ बाळगायचा. नसला तर पोलीस धरून नेत. या जाचाविरुद्ध १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी सह्या-अंगठे करून गव्हर्नराकडे अर्ज केला. तो लिहायला आडोल्फ द प्लेव्हित्झ नावाच्या एका युरोपियन मळेवाल्यानं मदत केली, आणि त्यापायी त्याला आपल्याच लोकांचा मार खावा लागला. विलायतेहून चौकशी मंडळ आलं. त्याचा अहवाल १८७५ साली बाहेर पडला आणि मग जाच हळूहळू कमी झाला. १९०१ साली गांधीजी दक्षिण आफ्रिकेहून परतताना वाटेत सुमारे तीन आठवडे या बेटावर राहिले. मुलांना शाळेत घाला आणि देशाच्या कारभारात लक्ष घाला, असा त्यांचा तिथल्या हिंदी माणसांना सल्ला होता. १९१० नंतर मजुरांची भरती बंद पडली. १२ मार्च १९६८ रोजी मॉरिशस स्वतंत्र झालं. पहिले पंतप्रधान शिवसागर रामगुलाम हे बिहारहून आलेल्या एका मजुराचे चिरंजीव.

आता आपल्या माणसांकडे वळू. बेटाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ कास्कावेल नावाचं एक खेडं आहे. मराठी लोकांची ही जुनी वस्ती. तो भाग बेटावरचा सर्वांत कोरडा आणि सर्वांत उन्हाचा. कोकणच्या पावसाचा तिसरा हिस्साही तिथे जेमतेम पडतो. कास्कावेलपासून थोड्याच अंतरावर फ्लिक-आं-फ्लाक नावाची पुळण आहे, आणि आज ती हॉटेलांनी आणि परदेशी पाहुण्यांनी भरलेली असते. आपल्या माणसांचे पूर्वज ज्या उन्हात ऊस तोडत होते, तेच ऊन आता पैसे मोजून विकत घेतलं जातं. त्या काळी पुळणीला कुणी विचारत नसे. तिथे ना ऊस पिकतो ना भात.

या वस्त्यांतून गणेशचतुर्थीला जाऊन पाहावं. तिथे ऋतू आपल्या उलट असतात. आपल्याकडे ऑगस्ट-सप्टेंबरात भातशेती हिरवीगार झालेली असते, तेव्हा तिकडे थंडी सरत आलेली असते आणि उसाची तोड ऐन भरात असते. तरी गणपती पंचांगाप्रमाणेच, आपल्याबरोबरच येतो. चतुर्थीची त्या देशात सरकारी सुटी असते. आणि गणपतीपुढे काय होतं म्हणाल, तर झाकरी. हा शब्द ऐकून गुहागर, चिपळूण, संगमेश्वरकडच्या श्रोत्यांनी कान टवकारले असतील. होय, आपली जाखडीच ती! ज्याला मुंबईकर बाल्यानाच म्हणतात, तोच गोल रिंगण धरून, गाण्याच्या ठेक्यावर पाय आपटत केलेला नाच. घरात एरवी मराठी न बोलणारी मुलंही ही गाणी म्हणतात.

घरात मराठी बोलत नाहीत, याचं आपल्याला वाईट वाटेल. पण त्याचंही कारण पाहा. मळ्यावर बिहारी, तमिळ, तेलुगू, आफ्रिकी, चिनी अशी सगळी माणसं एकत्र राबत. सगळ्यांना समजेल अशी भाषा एकच, फ्रेंचातून निपजलेली क्रिओल. त्यात आपली माणसं थोडी, आणि तीही विखुरलेली. मराठी ओसरीपुरती राहिली, मग देवघरापुरती. आज तिथल्या शाळांतून मराठी हा ऐच्छिक विषय म्हणून शिकवला जातो. आपल्या मुलांना इंग्रजी जशी पुस्तकातून शिकावी लागते, तशी तिथल्या मराठी मुलांना मराठी. शिक्षकहो, एक गोष्ट ध्यानात घ्या. तुमच्या वर्गातलं दुसरीचं पोर जे वाक्य सहज बोलतं, ते तिथल्या मुलाला घरी ऐकूसुद्धा येत नसताना जुळवायचं असतं. त्या देशात मराठी भाषिक संघ आहे, महाराष्ट्र भवन आहे; २०२३ साली मोका इथे छत्रपती शिवाजी महाराजांचा पुतळाही उभा राहिला.

नावांचीही एक गंमत झाली. आपलं आडनाव तिकडच्या कारकुनाच्या वहीत बहुधा उतरलंच नाही. त्यानं विचारलं 'नाव काय?' यानं सांगितलं 'भिवा', 'बाबाजी', 'राणू'. तेच लिहिलं गेलं, आणि पुढच्या पिढ्यांचं तेच आडनाव झालं. म्हणून तुमच्याकडे आलेला पाहुणा आपलं आडनाव 'भिवाजी' सांगेल तर चक्रावून जाऊ नका. ते त्याच्या खापरपणजाचं पाळण्यातलं नाव आहे. घराण्याचं खरं आडनाव काय होतं, हेच तर शोधायला तो आलेला असतो.

हा कागद त्याला मिळाला कुठे, ते सांगतो. पोर्ट लुईच्या बंदरावर १८४९ साली मजुरांना उतरवून घेण्यासाठी एक ठाणं बांधलं गेलं. दगडी पायऱ्या चढून माणूस वर आला की त्याला क्रमांक मिळे आणि वहीत त्याची नोंद होई. आज त्या जागेला आप्रवासी घाट म्हणतात, आणि २००६ साली तिचा जागतिक वारशांच्या यादीत समावेश झाला. इंग्रज सरकारनं ज्या वह्या मजुरांवर पाळत ठेवायला लिहिल्या, त्या आज त्यांच्या पणतवंडांना घराण्याचा पत्ता सांगतात. त्या वह्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत जतन केलेल्या आहेत.

अलीकडे या कागदांना आणखी एक महत्त्व आलं आहे. मार्च २०२४ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू मॉरिशसच्या राष्ट्रीय दिनाला गेल्या होत्या. त्या वेळी असं जाहीर झालं की, मॉरिशसमधल्या भारतीय वंशाच्या माणसांना सातव्या पिढीपर्यंत भारताचं परदेशस्थ नागरिकत्वाचं कार्ड मिळू शकेल. ओसीआय कार्ड म्हणतात ते हेच. एरवी ही सवलत चौथ्या पिढीपाशी थांबते.

आणि आता ती मनातली शंका. हे कार्ड म्हणजे भारताचं पुरतं नागरिकत्व नव्हे. कार्ड असलेल्या माणसाला मत देता येत नाही. त्याला इथे शेतजमीन विकत घेता येत नाही. तुमच्या सातबाऱ्यावर त्याचं नाव नाही आणि त्याला ते चढवायचंही नसतं. त्याला पाहायचं असतं ते गाव, ग्रामदैवताचं देऊळ, जमलं तर ती वाडी, आणि त्याच कुळातलं एखादं माणूस. तेव्हा तलाठ्याकडे धावण्याआधी त्याचं बोलणं ऐकून घ्या.

उलट बाजूचीही एक गोष्ट जाता जाता सांगतो. तुमच्यापैकी कुणाचा मुलगा आज परदेशी जाऊन राहू म्हणत असेल, तर कामाचा परवाना, राहण्याचा परवाना आणि नागरिकत्व या तीन वेगळ्या गोष्टी आहेत हे त्याला नीट समजू द्या. आपल्या कायद्यात दोन देशांचं नागरिकत्व एकदम ठेवता येत नाही. दुसऱ्या देशाचं घेतलं की इथलं गेलं. आणि करारावर सही करण्याआधी परतीचं भाडं कोणाकडे, हे कलम शोधून वाचा. खापरपणजाला ते वाचता येत नव्हतं.

आता त्या कागदावरचं गाव कसं ओळखायचं? इथेच मास्तरांची मदत लागते. इंग्रज कारकुनानं नावं कानाला लागली तशी लिहिली. त्याच्या लिपीत 'ळ' नाही, 'ण' नाही. त्या काळच्या इंग्रजी कागदांत चिपळूणचं 'चिपलून' होतं, रत्नागिरीचं 'रटनाघेरी', विजयदुर्गाचं 'व्हिझियाड्रूग' आणि आपल्या सुवर्णदुर्गाचं चक्क 'सेव्हर्नड्रूग'. तेव्हा अक्षरं पाहत बसू नका. नाव मोठ्यानं वाचा. दोनतीनदा वाचा आणि गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला, डोळे मिटून, नुसतं ऐकायला सांगा. वाचणाऱ्याला जे कळत नाही ते पुष्कळदा ऐकणाऱ्याला कळतं.

दुसरं असं की, जिल्ह्या-तालुक्यांवर फार भिस्त ठेवू नका. कागदावर रत्नागिरी जिल्हा असेल, पण गाव आज सिंधुदुर्गात असेल; तो जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तालुकेही निराळे होते. सुवर्णदुर्ग लिहिलं असेल तर दापोली-खेडकडे पाहा, अंजनवेल असेल तर गुहागर-चिपळूणकडे आणि विजयदुर्ग असेल तर राजापूर-देवगडच्या मुलखात. एकाच नावाची गावं दोन तालुक्यांत असतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. अशा वेळी बापाचं नाव आणि जात या दोन रकान्यांचा उपयोग होतो. शाळेच्या जुन्या दाखलेबुकात त्या माणसाचं नाव सापडेल अशी आशा धरू नका. तो शाळेत गेलेलाच नसणार. पण त्याच्या भाऊबंदांचे नातूपणतू त्यात असू शकतील, आणि आडनावाचा धागा तिथून लागेल.

घराण्यातल्या म्हाताऱ्यांना एक प्रश्न मुद्दाम विचारा, की मुंबईला जातो म्हणून गेला आणि पुन्हा आलाच नाही, असं आपल्यात कुणाबद्दल बोललं जायचं का? कित्येक घरांत अशा माणसाची आठवण एका वाक्यापुरती उरलेली असते. तो दर्यात बुडाला म्हणतात, साथीत गेला म्हणतात, गोसावी झाला म्हणतात.

कधी गाव सापडेल, कधी सापडणार नाही. सापडलं तर पाहुणा निघायच्या आधी एक करा. त्याच्या कागदावर, त्या वेड्यावाकड्या इंग्रजी नावाखाली, गावाचं नाव देवनागरीत सुवाच्य लिहून द्या. त्यानं मराठी शाळेत शिकलेली असेल तर ते त्याला वाचता येईल.